विमानं जवळून गेली, तर आधी लिहा

सोलोला निघणाऱ्या पोरांनो, नीट ऐका.

25 जुलै 2022 ला आपल्या बारामतीहून उडालेलं सेसना 152 इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. शिकाऊ वैमानिक मुलगी किरकोळ जखमांवर बचावली. तिथे तपासायला निदान मोडलेलं विमान होतं. दोन विमानं अगदी जवळून निघून गेली, तर मागे काहीच उरत नाही. आपल्या सेसनात ब्लॅक बॉक्सही नसतो. तुम्ही लिहाल तेवढाच पुरावा.

म्हणून उतरलात की कागद घ्या. समोरच्या वैमानिकाशी बोलण्याआधी लिहा; बोलता बोलता त्याचं पाहिलेलं तुम्हाला आपलंच वाटू लागतं.

वेळ, दिशा, उंची लिहा. अल्टिमीटरवर कोणता क्यूएनएच, म्हणजे हवेच्या दाबाचं सेटिंग, लावला होता, तेही लिहा. दोघांचं सेटिंग वेगळं असेल, तर आकडा सारखा दिसूनही उंची वेगळी असते. कारण कुठलंही असो, उंचीतलं अंतर गेलं की काय होतं ते आठवा: 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांमधलं 1000 फुटांचं अंतर राहिलं नाही आणि 349 माणसं गेली.

जागा खुणेनं सांगा. डाउनविंडवर होतात की बेसला वळत होतात? उजनी धरणाचं पाणी कोणत्या हाताला होतं? सूर्य कुठे होता? कोणता कॉल दिलात, कोणता ऐकलात? ऐकला नसेल, तर तसंच लिहा.

समोरचं विमान काचेवर एकाच जागी राहून मोठं होत होतं का, हे आठवा. धडकेच्या वाटेवरचं विमान तसंच दिसतं. सरकणारं चटकन नजरेत येतं, स्थिर ठिपका निसटतो.

तपासात अशा घटनांना ए ते डी श्रेणी देतात. ए म्हणजे धडकेचा धोका होता. डी म्हणजे माहितीअभावी धोका ठरवता आला नाही. अर्धवट रिपोर्ट घटनेला डीमध्ये ढकलतो.

रिपोर्ट त्याच दिवशी चीफ इन्स्ट्रक्टरकडे द्या. पुढे तो डीजीसीएकडे आणि गंभीर प्रकार असेल तर विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एएआयबीकडे जायला हवा. इथल्या दुसऱ्या फ्लाइंग स्कूललाही कळवा. दोघांचा रनवे एकच आहे.

इन्स्ट्रक्टर मंडळी, तुम्हालाही सांगतो. एएआयबीचा तपास दोष वाटायला नसतो, पुढचा अपघात टाळायला असतो. तुमचाही पहिला प्रश्न ‘चूक कुणाची?’ हा नको, ‘काय दिसलं?’ हा हवा. खरं सांगायला आलेल्या पोरावर ओरडलात, तर दुसरं पोर गप्प बसेल आणि सर्किटमधला तोच धोका तिसऱ्याच्या वाट्याला येईल.