हिमव्याल

प्रचंड सर्पाला पंख फुटावेत, चार पाय यावेत आणि त्याच्या मुखातून ज्वाळा निघाव्यात, असा प्राणी पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. तरी युरोपातील लोककथांनी त्याला शतकानुशतके पोसले आहे. त्याला ‘ड्रॅगन’ म्हणतात. निरनिराळ्या प्राण्यांचे अवयव जोडून आपल्या शिल्पकारांनी देवळांवर जो ‘व्याल’ कोरला, तो या ड्रॅगनचा दूरचा भाऊबंदच म्हणावा.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक बैठा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एकजण कथा सांगतो, बाकीचे तिच्यातील पात्रे होतात आणि बिकट प्रसंगी काय घडले, ते फासे ठरवितात. या खेळातील शुभ्र ड्रॅगन हिमप्रदेशात राहतो. त्याच्या मुखातून अग्नी नव्हे, तर गोठविणारा श्वास निघतो. वयाबरोबर त्याचे बळ वाढत जाते. तरुण हिमव्याल बर्फावरून न घसरता धावतो. मात्र इतर ड्रॅगनांहून तो बुद्धीने मंद असतो आणि चतुर खेळाडू नेमका याचाच लाभ घेतात.

खऱ्या सापाला हे जमणार नाही. त्याचे शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही; थंडी पडली की तो बिळात निपचित पडून राहतो. बर्फावर हिंडणारा सर्प ही निसर्गाच्या उलट गोष्ट आहे. मग ती माणसाला सुचली तरी कशी?

माणूस ज्याला भितो, त्याला तो देह देतो. जेथे हिवाळ्यात नद्या गोठतात, तेथे थंडीलाच दात व नखे फुटली तर नवल नाही. गोदाकाठच्या कोपरगावात बर्फ आकाशातून पडतो तो केवळ गारांच्या रूपाने. उन्हाळ्यात तर तेथील भूमी भाजून निघते. अशा ठिकाणी भय वाटते ते पाणी अडण्याचे. आणि पाणी अडविणारा सर्प आपल्या वाङ्मयात फार प्राचीन आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात वृत्राची कथा येते. वृत्र म्हणजे वेढणारा, झाकणारा. त्याला ‘अही’, म्हणजे सर्प, असेही म्हटले आहे; तो सर्व अहींमध्ये प्रथम जन्मलेला. त्याला ना हात, ना पाय. पर्वतावर पसरून त्याने पाणी कोंडून धरले होते. त्वष्ट्याने घडविलेल्या वज्राने इंद्राने त्याला मारले आणि कोंडलेले प्रवाह समुद्राकडे धावत सुटले.

हा वृत्र कोण? यास्काने ‘निरुक्ता’त नोंदविलेल्या एका मताप्रमाणे तो मेघ होय. हिलेब्रांट या जर्मन पंडिताने त्याच्यात नद्यांना गोठविणारा हिवाळा पाहिला. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात शंका घेतली, की वृत्र जर पावसाळी मेघ, तर या युद्धांच्या वर्णनांत शरद ऋतू व हिम कशासाठी? इंद्राने अर्बुद नावाच्या शत्रूला हिमाने विद्ध केले, असा उल्लेख ऋग्वेदात खरोखरच आहे. टिळकांनी यावरून उत्तर ध्रुवाजवळच्या दीर्घ रात्रीपर्यंत तर्क नेला. त्यांचा तो निष्कर्ष आज विद्वान मान्य करीत नाहीत. शंका मात्र मोठी मार्मिक आहे.

मेघ असो वा बर्फ, दोहोंच्या पोटी पाणीच कोंडलेले असते. हिमालयातील नद्यांना उन्हाळ्यात वितळत्या बर्फाचे पाणी मिळते. ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीला तो आधार नाही. तिची सारी भिस्त पावसावर आणि कोपरगाव तर पर्जन्यछायेच्या प्रदेशात. म्हणून सह्याद्रीकडे पडणारा पाऊस दारणेसारख्या धरणांत साठवून ठेवतात. ते पाणी पुढे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांनी कोपरगावच्या शिवारात येते. येथे पाणी अडविणारा माणूसच आणि सोडणाराही तोच. पाटाला आवर्तन सुटल्याची वार्ता आली, की शेतकरी खांद्यावर फावडे टाकून दारे धरावयास निघतो. मग पाळी भर मध्यरात्रीची का असेना.