भगुन्यातला चॉकलेट केक



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सांगितले, "पुस्तकातले उतरवू नका. जे स्वतःच्या हाताने केले, तेच लिहा." कोणी मेथीच्या वाफ्यावर लिहिले, कोणी शेळीच्या करडावर. मी चॉकलेट केकवर लिहिते. मी आतापर्यंत दोन केक केले. पहिला बिघडला, दुसरा जमला. दोन्हींचे लिहिणार आहे, कारण बिघडला तेव्हाच मला जास्त कळले.

आमच्या गावात बेकरी नाही. ओव्हन कोणाच्याच घरी नाही. पण मामाने माझ्या वाढदिवसाला तालुक्याच्या गावाहून तयार केकच्या पिठाचे दोन डबे आणले. एकेक डबा अर्ध्या किलोचा. त्यात मैदा, साखर, कोको आणि फुगवायची पूड आधीच मोजून मिसळलेली असते. आपण फक्त पाणी आणि तेल घालायचे, कालवायचे आणि भाजायचे.

आधी डबा वाचावा

आईने सांगितले, "फोडायच्या आधी वाच." मी वाचला. बारीक अक्षरे होती, म्हणून उजेडात नेला. चार गोष्टी पाहाव्यात.

1. तारीख. किती दिवसांच्या आत वापरायचा ते लिहिलेले असते. तारीख उलटली असेल तर घेऊ नये.

2. हिरवा ठिपका. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर पीठ शाकाहारी. अंडे किंवा मांस असेल तर चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो.

3. मागची कृती. किती पाणी, किती तेल, हे तिथे असते. प्रत्येक डब्याचे माप वेगळे असते. हिरवा ठिपका असला तरी काही डब्यांच्या मागे "अंडी घाला" असे लिहितात. ठिपका डब्यातल्या पिठाचा असतो, आपण वर काय घालतो त्याचा नसतो. माझी एक मैत्रीण माळकरी घरातली आहे, म्हणून मी हे दोनदा वाचले. आमच्या डब्याला अंडे लागत नव्हते.

4. घटक. जो घटक वजनाने सर्वांत जास्त असतो त्याचे नाव पहिले लिहितात, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. आमच्या डब्यावर पहिले नाव साखरेचे होते. मला वाटले होते मैद्याचे असेल.

कोको म्हणजे काय?

कोको हे झाडाचे फळ आहे. त्याची फळे फांदीच्या टोकाला येत नाहीत, फणसासारखी खोडालाच लागतात. आतल्या बिया आंबवतात, वाळवतात, भाजतात आणि दळतात. त्यातले तूप काढून घेतले की उरते ती कोको पूड. ती चवीला कडू असते. गोड लागते ते साखरेमुळे. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. आता सर्वांत जास्त कोको आफ्रिकेत, आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांत होतो. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या बागेत लावतात. गुरुजींनी आम्हांला हे सगळे नकाशात दाखवले.

साहित्य

केकच्या पिठाचा डबा 1, पाणी 250 मिलिलिटर, तेल 80 मिलिलिटर (ही मापे आमच्या डब्याची), आठ इंच रुंदीचा सरळ कडांचा डबा, जाड बुडाचे मोठे पातेले (आमच्याकडे त्याला भगुनं म्हणतात), वर घट्ट बसणारे ताट, लोखंडी जाळी, आणि चाळून उन्हात कडकडीत वाळवलेली वाळू.

तेल वासाचे नको. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास केकला येतो. आम्ही सूर्यफुलाचे घेतले.

वाळू कशाला? जत्रेत फुटाणेवाला गरम वाळूत हरभरे भाजतो, ते आठवा. वाळू सावकाश तापते, मग बराच वेळ तापलेली राहते आणि सगळीकडे सारखी ऊब देते. त्यामुळे केक खालून करपत नाही. काही जण वाळूऐवजी मीठ घालतात.

कृती

1. भगुन्यात दोन बोटे जाडीचा वाळूचा थर द्यावा. त्यावर जाळी ठेवावी. ताट झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. यात पाणी अजिबात घालू नये.

2. तोवर डब्याला आतून तेलाचे बोट फिरवावे. तळाला डब्याच्या मापाचा कागद कापून बसवावा आणि त्यालाही तेल लावावे.

3. पीठ परातीत काढून गाठी मोडाव्यात. पाणी आणि तेल घालून एकाच बाजूने ढवळावे. भज्याच्या पिठाहून थोडे सैल झाले की पुरे. उगाच घोटत बसू नये, केक चिवट होतो.

4. लगेच डब्यात ओतावे. डबा अर्ध्याच्या थोडा वरपर्यंतच भरावा. फुगायला जागा पाहिजे.

5. डबा फडक्याने धरून भगुन्यात जाळीवर ठेवावा. हे काम मोठ्या माणसाने करावे. आमच्याकडे आईने केले. झाकण लावून आच मंद करावी.

6. चाळीस मिनिटे झाकणाला हात लावू नये.

7. मग मधोमध सुरी खुपसून पाहावी. कोरडी निघाली तर झाला. पीठ चिकटले तर आणखी पाच-दहा मिनिटे ठेवावा.

8. पूर्ण गार होऊ द्यावा. मग कडेने सुरी फिरवून ताटात पालथा करावा.

माझी चूक

सहावा नियम मी पहिल्या वेळी पाळला नाही. पंधरा मिनिटांत घरभर असा वास सुटला की मला राहवेना. आई गोठ्यात गेली होती. मी फडक्याने ताट उचलले. केक छान वर आला होता. मी भावाला हाक मारून दाखवला. त्याने शेजारच्या मुलाला बोलावले. तेवढ्या वेळात केकचा मधला भाग हळूहळू खाली बसला. पुन्हा झाकले, पण तो वर आला नाही. कडा भाजल्या आणि मध्ये पिठल्यासारखे राहिले. मला रडू आले.

आजी म्हणाली, "भाकर शेकताना सारखी उचलून बघतीस का? मग ह्याला कशाला बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले, केक बसला कसा? त्यांनी एका पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून वर लिंबू पिळले. फसफसून बुडबुडे आले. गुरुजी म्हणाले, तो कार्बन डायऑक्साइड वायू. डब्यातल्या पिठात सोडा असतो आणि कोरडे आंबटही असते. पाणी लागले की दोघांचे जुळते आणि वायू होऊ लागतो. तापले की आणखी होतो. पीठ मऊ असते, म्हणून बुडबुडे ते वर उचलतात. मग उष्णतेने पीठ बुडबुड्यांभोवती घट्ट होते, आणि केक वरच राहतो. पण पीठ घट्ट व्हायच्या आधी गार हवा लागली तर बुडबुडे आक्रसतात आणि पीठ खाली बसते. कालवलेले पीठ लगेच भाजायचे तेही यासाठीच. नाहीतर बराच वायू परातीतच निघून जातो.

भाकरी वाफेने फुगते, केक मुख्यतः या वायूने फुगतो. दोघांनाही घाई चालत नाही.

दुसरा डबा

आता एकच डबा उरला होता. मामा पुन्हा लवकर येणार नव्हता. आई म्हणाली, "पुढच्या वाढदिवसाला ठेवू." पण मी दुसरे ठरवले.

वर सांगितलेली मैत्रीण माझ्याच बाकावर बसते. दिवाळी झाली की तिचे आई-वडील ऊस तोडायला कारखान्याला जातात. मागच्या दोन वर्षी ती आजीजवळ राहिली होती. या वर्षी आजीचे डोळ्याचे ऑपरेशन झाले, म्हणून तिला आणि तिच्या लहान भावाला बरोबर न्यायचे ठरले. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत तिला निरोप द्यायचा होता. मी केक करायचे कबूल केले. आता बिघडला तर दुसरा डबा नव्हता.

मी आईला सांगितले, "चाळीस मिनिटं मला इथं बसू देऊ नको." आईने मला पाणी भरायला लावले. मी सात खेपा केल्या आणि प्रत्येक खेपेला घड्याळ पाहिले. चाळीस मिनिटांनी आईने सुरी खुपसली, ती ओली निघाली. आणखी दहा मिनिटे ठेवला. मग सुरी कोरडी निघाली. केक मध्ये फुगून थोडा तडकला होता. आजी म्हणाली, "तडकला म्हंजी पिकला."

वाटणी

आमच्या शाळेचा पट 18. गुरुजी आणि बाई 2, खिचडी करणाऱ्या मावशी 1. झाले 21. मैत्रिणीची आई, वडील आणि लहान भाऊ 3. एकूण 24. गोल केकचे 24 सारखे भाग कसे करायचे? बाईंनी हे गणित फळ्यावर घातले. आधी निम्मा, मग पाव, मग आठवा भाग. 2, 4, 8. मग प्रत्येक आठव्या भागाचे तीन. आठ त्रिक चोवीस. म्हणजे प्रत्येकाला एक चोविसांश. तुकडा दोन बोटांएवढाच आला, पण कोणाचा लहान, कोणाचा मोठा झाला नाही. कापायचे काम मैत्रिणीने केले.

तिने आपला तुकडा तिथेच खाल्ला. घरचे तीन भाग वहीच्या कागदात गुंडाळून दप्तरात ठेवले. मी तिला सांगितले, "डब्यावर पहिलं नाव साखरेचं होतं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग ह्याच्यात आमच्या आई-दादांनी तोडलेला ऊस असंल."

गुरुजींनी त्यावरही गणित घातले. एक टन उसापासून साधारण 100 किलो साखर निघते. म्हणजे 1 किलो साखरेला 10 किलो ऊस. आमच्या डब्यात पाव किलो साखर धरली, तर अडीच किलो ऊस लागला. मग गुरुजी म्हणाले, असा डबा मुळात उसाच्याच पाकातून सुचला. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात डफ नावाच्या कंपनीकडे काकवीसारख्या पाकाचा साठा पडून होता. त्यांनी तो वाळवून पिठात मिसळला. 1933 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे ही युक्ती यांची, असा सरकारी कागद. केकचे तयार पीठ तेव्हापासूनचे आहे.

निघताना गुरुजींनी मैत्रिणीला शिक्षण हमी कार्ड दिले. जिथे जातील तिथल्या शाळेत ते दाखवायचे, म्हणजे तिथे वर्गात बसता येते. पालकांनो, तुमच्यापैकी कोणी कारखान्याला जाणार असेल, तर हे कार्ड गुरुजींकडून मागून घ्या. तिच्या वडिलांना ते आधी माहीत नव्हते.

सुट्टी संपली. बाकावर आता मी एकटी बसते. मागच्या आठवड्यात तिच्या वडिलांच्या मोबाइलवरून तिचा फोन आला. ती तिथल्या शाळेत जाऊ लागली आहे. पण भावाला सांभाळायचे असले की खाडा होतो, असे म्हणाली. तिच्या भावाला केक आवडला. त्याला वाटले गुळाची वडी आहे.

पाडव्याच्या सुमारास ती परत येईल. डब्यासाठी मी पैसे साठवते आहे. तिसऱ्या वेळी तिने ढवळायचे आणि मी पाणी भरायचे, असे ठरले आहे.

सांगा पाहू!

1. हिरवा ठिपका असूनही डब्याची मागची बाजू का वाचावी?

2. केक भाजताना मध्येच झाकण का उघडू नये?

3. आमच्या केकमधले घरी नेलेले 3 भाग म्हणजे सगळ्या केकचा कितवा भाग? (इशारा: बाईंनी आधी किती भाग केले होते ते आठवा.)

उत्तरे वर लिहिलेल्या मजकुरातच आहेत. सापडली नाहीत तर मला विचारा.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी