‘सोपे’ हिमशिखर : फ्रेंडशिप पीकच्या निमित्ताने

हिमालयातील सहलींच्या जाहिरातींतून ‘नवशिक्यांसाठी सोपे शिखर’ असा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार आढळतो. हुबळी-धारवाडकडील तरुण-तरुणीही आता सुट्टीत मनाली, लेह, उत्तरकाशीकडे जाऊ लागले आहेत, आणि त्यांपैकी काहींना नुसते डोंगर पाहून परत यावे असे वाटत नाही. एखाद्या हिमशिखरावर पाय ठेवून यावे असे वाटते. ही आकांक्षा उत्तम आहे. मात्र ‘सोपे’ ह्या विशेषणाचा गिर्यारोहणात नेमका अर्थ काय, आणि तो कोठे संपतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार एका शिखराच्या आधारे करावयाचा आहे. ते शिखर म्हणजे हिमाचल प्रदेशातील फ्रेंडशिप पीक, उंची ५,२८९ मीटर.

मनालीच्या वरच्या अंगाला सोलंगचे खोरे आहे. जुन्या वाङ्मयातील विपाशा म्हणजे आजची बियास. तिचा एक उगम ह्या खोऱ्याच्या माथ्याशी असलेल्या बियासकुंडात मानला जातो, आणि त्या कुंडाशी व्यासमुनींचे नाव जोडलेले आहे. कुंडाच्या भोवताली पीर पंजाल रांगेतील शिखरांचे कडे आहे : हनुमान टिब्बा, शितिधर, फ्रेंडशिप. ब्रिटिश लष्करातील अधिकारी सी. जी. ब्रूस हा १९१२ साली कुलू-लाहौलच्या प्रदेशात हिंडला. हनुमान टिब्ब्याला त्याने स्वित्झर्लंडमधील एका शिखरावरून ‘सोलंग वाइसहॉर्न’ असे नाव दिले, व त्याच वर्षी त्याच्या तुकडीतील फ्यूरर नावाचा स्विस वाटाड्या त्या शिखरावर पोचला. हाच ब्रूस पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता झाला.

खोऱ्यात आणखी आत धुंडी हे ठिकाण लागते. तेथून जवळच अटल बोगद्याचे दक्षिणेकडील तोंड आहे. सुमारे ९ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीस खुला झाला, आणि त्यासाठी बांधलेल्या रस्त्याने मोटार थेट धुंडीपर्यंत जाऊ लागली. रस्ता झाला हे चांगलेच झाले. पण त्यामुळे एक गोष्ट घडली : जी उंची पूर्वी माणूस पायी, घाम गाळीत, सावकाश गाठत असे, ती आता तो गाडीत बसल्या बसल्या गाठतो. शरीराला हा फरक कळतो, जाहिरातीला कळत नाही.

आता ‘सोपे’ ह्या शब्दाकडे वळू. युरोपातील आल्प्स पर्वतात चढाईच्या वाटांना श्रेणी देण्याची पद्धत आहे. तीत सर्वांत खालच्या पायरीला फ्रेंच भाषेत ‘फासील’, म्हणजे सोपी, असे म्हणतात व तिच्या वरच्या पायरीला ‘थोडी अवघड’. ही श्रेणी मुख्यतः वाटेचे वर्णन करते : कडा किती उभा आहे, दोर किती वेळा लावावा लागतो, बर्फाचा उतार किती तीव्र आहे. फ्रेंडशिपच्या नेहमीच्या वाटेवर कातळाचा उभा कडा नाही. वाट गवताळ कुरणांतून, मग दगडगोट्यांच्या मोरेनवरून आणि शेवटी हिमाच्या उतारांवरून जाते. ह्या अर्थाने ती सोपी आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्या वाटेवरची हवा, तिथला बर्फ आणि तेथून खाली येण्यास लागणारा वेळ ह्यांविषयी ‘सोपे’ हा शब्द काहीच सांगत नाही. आणि हिमालयात माणसे दगावतात ती बहुधा ह्याच तीन गोष्टींमुळे.

प्रथम हवा. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हुबळी त्याहून थोडी खाली. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, कर्नाटकातील सर्वोच्च मुळ्ळय्यनगिरी १,९३० मीटर. म्हणजे आपल्या राज्याचे सर्वांत उंच टोक मनाली गावाच्या बाजारपेठेहूनही खाली भरते. तेव्हा आपण डोंगर पुष्कळ पाहिले आहेत, हा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही.

उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते असा एक सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. प्रमाण सर्वत्र शेकडा २१ च असते. कमी होतो तो हवेचा दाब. साधारण ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. फ्रेंडशिपच्या माथ्यावर तो निम्म्याहून थोडा अधिक असतो. धारवाडशी तुलना केली, तर येथे एका श्वासात जितका प्राणवायू मिळतो त्याच्या सहा दशांशांहूनही कमी तेथे मिळतो. शरीर ह्यावर उपाय करते : श्वास जलद व खोल होतो, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने साधतात, आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशींची संख्या वाढते. ह्यांतला पहिला बदल तासांत होतो, दुसऱ्याला काही दिवस लागतात. पाच दिवसांच्या सहलीत दुसरा बदल पुरता होतच नाही.

विरळ हवेचा आजार कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सैन्यातील हजारो जवानांना सपाट प्रदेशातून एकदम उंचावर न्यावे लागले. त्यांच्यापैकी १,९२५ जणांच्या आजाराचा अभ्यास इंदर सिंग व त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी केला व तो १९६९ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगभर त्याचा आजही आधार घेतला जातो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे रुग्ण निवडून घेतलेले तरुण सैनिक होते. धडधाकट प्रकृती हे ह्या आजारावर कवच नव्हे. उलट कॉलेजातील धावपटूला किंवा कबड्डीपटूला अधिक सांभाळावे लागते, कारण तो वेगाने चढतो आणि डोके दुखत असले तरी सांगत नाही.

लक्षणे पाठ करून ठेवण्यासारखी आहेत. डोकेदुखी, आणि तिच्याबरोबर मळमळ, भूक न लागणे, गळून जाणे, झोप न येणे : हा सौम्य प्रकार. अशा वेळी पुढे चढू नये, त्याच ठिकाणी थांबावे. बसल्या जागी धाप लागू लागली, कोरडा खोकला येऊन छातीत घरघर होऊ लागली, तर फुप्फुसांत पाणी साठत आहे असे समजावे. चालताना झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूला सूज येत आहे. ह्याची एक साधी परीक्षा आहे : रोग्याला एका सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवीत, दहा पावले चालावयास सांगावे. तो डळमळला तर रात्र असो वा पाऊस असो, त्याला खाली आणले पाहिजे. सकाळ होण्याची वाट पाहणे हा घातक निर्णय ठरू शकतो. ॲसिटाझोलामाइडसारखी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जवळ ठेवावीत. पण ती खाली उतरण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

ह्यावरून मोहिमेचा आराखडा कसा असावा हे आपोआप ठरते. सर्वमान्य नियम असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून अधिक चढवू नये व तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. हुबळीहून रेल्वेने दिल्ली व तेथून बसने मनाली, म्हणजे सुमारे २,०५० मीटर. येथे दोन रात्री काढाव्यात. मग धुंडी, सुमारे २,८५० मीटर, एक रात्र. त्यापुढे बकरथाच हे मेंढपाळांचे कुरण, सुमारे ३,३०० मीटर. येथे दोन रात्री, मधल्या दिवशी बियासकुंडापर्यंत जाऊन परत. मग ‘लेडी लेग’ ह्या विचित्र नावाचा तळ, सुमारे ३,८५० मीटर. येथेही दोन रात्री, आणि एक दिवस बर्फावरील सरावासाठी. एक दिवस हवामानासाठी राखून ठेवावा. हे सर्व मिळून मनालीपासून मनालीपर्यंत नऊ-दहा दिवस होतात. ह्याहून पुष्कळ कमी दिवसांत शिखर करून देतो असे कोणी सांगत असेल, तर तो शरीराला लागणाऱ्या दिवसांतूनच काटछाट करीत आहे. पैसे वाचतात, हे खरे.

लेडी लेगपासून माथा जवळजवळ १,४५० मीटर उंच आहे. एका दिवसात एवढे चढून तितकेच उतरावयाचे, तेही वर सांगितलेल्या हवेत. म्हणून काही तुकड्या मध्ये आणखी एक तळ करतात; नवशिक्यांनी तो जरूर करावा.

आता बर्फ. शिखराच्या दिवशी मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास निघतात, ते हौसेने नव्हे. रात्री बर्फ गोठून टणक होतो. बुटांना बांधलेले क्रॅम्पॉनचे दाते त्यात पक्के रुततात व हिमनदीच्या भेगांवरचे बर्फाचे पूल वजन सोसू शकतात. सूर्य वर आला की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततो, आणि उतार घसरू लागतात. म्हणून परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी लागते. ती झाली की माथा शंभर मीटरवर असला तरी फिरावे. हा निर्णय वर गेल्यावर घेता येत नाही, कारण तेथे थकलेले मन नेहमी ‘आणखी थोडेच’ असे म्हणते.

नवशिक्याने हातात आइस ॲक्स घेऊन छायाचित्र काढून घ्यावे, पण त्याआधी तिने स्वतःची घसरण थांबवावयास शिकावे. पोटावर, पाठीवर, डोके खाली करून, अशा निरनिराळ्या तऱ्हांनी उतारावरून मुद्दाम घसरून तिचे पाते बर्फात रोवण्याचा सराव करावा लागतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ते साधले तर साधले. एकदा वेग आला की माणूस थांबत नाही. एका दुपारच्या प्रात्यक्षिकात हे अंगवळणी पडत नाही.

हिमलोट हा मात्र कौशल्याच्या पलीकडचा विषय आहे. बहुतेक मोठे हिमलोट तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे नेमके ज्यांवरून माणसाला चालत जाता येते अशा उतारांवर. अतितीव्र कड्यावर बर्फ साठतच नाही, आणि सपाटीवर तो घसरत नाही. तेव्हा वाट ‘सोपी’ असणे आणि ती हिमलोटाची असणे ह्यांत मुळीच विरोध नाही.

ह्याचे अत्यंत दुःखद उदाहरण ४ ऑक्टोबर २०२२ रोजी घडले. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी द्रौपदी का दंडा-२ ह्या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर असताना हिमलोटात सापडली. एकोणतीस जणांचा अंत झाला. त्यांत शिकाऊ विद्यार्थी बहुसंख्य होते, आणि त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट व मकालू ही दोन्ही शिखरे केवळ सोळा दिवसांच्या अंतराने सर करणारी प्रशिक्षिका सविता कंसवाल हीही होती. हे शिखर संस्थेच्या नेहमीच्या सरावाचे. शिकवणारे अनुभवी, विद्यार्थी प्राथमिक अभ्यासक्रम पार केलेले. एवढे असूनही असे घडू शकते, तर दोन तासांत दोर बांधावयास शिकलेल्या सहलीच्या तुकडीने ताज्या हिमवर्षावानंतर किती दिवस तळावर थांबावे, ह्याचा प्रत्येकाने विचार करावा.

मग धारवाडच्या विद्यार्थ्याने तयारी कशी करावी? सुदैवाने आपल्याकडे साधने अगदीच तोकडी नाहीत. दम वाढविण्यासाठी हुबळीचा नृपतुंग बेट्टा पाठीवर दहा-बारा किलोंची पिशवी घेऊन रोज अनेकदा चढावा-उतरावा. डोंगर लहान म्हणून हसू नये, उंची पायऱ्यांच्या बेरजेने भरून काढता येते. चार महिने हे नेमाने केले तर पायांची तक्रार राहत नाही. बदामीचे वालुकाश्माचे कडे देशभरातील प्रस्तरारोहकांना ठाऊक आहेत, आणि ते आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहेत. दोर, गाठी, हार्नेस, साथीदाराला दोराने सांभाळणे ह्या गोष्टी तेथे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकता येतात. बर्फ आणि विरळ हवा मात्र बदामीत मिळत नाही. त्यासाठी हिमालयातच जाऊन शिकले पाहिजे.

ह्याची सर्वांत चांगली सोय सरकारी संस्थांत आहे. दार्जिलिंगची संस्था तेनसिंग-हिलरींच्या एव्हरेस्ट विजयानंतर १९५४ मध्ये निघाली, मनालीची १९६१ मध्ये, उत्तरकाशीची १९६५ मध्ये. त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो, आणि त्याचे शुल्क, निवास व साहित्य धरूनही, खासगी सहलींच्या मानाने माफक असते. शिखराचे प्रमाणपत्र आठ दिवसांत मिळत असता चार आठवडे कोण घालविणार, असे विचारले जाते. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ ह्या संस्थेचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. ती १९८२ साली स्थापन झाली. तिचे सदस्य एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले ते २०१२ साली. मधली तीस वर्षे सह्याद्रीचे कडे आणि हिमालयातील कमी उंचीची शिखरे ह्यांत गेली. त्यानंतर मात्र ल्होत्से २०१३ मध्ये, मकालू २०१४ मध्ये, आणि कांचनजंगा २०१९ मध्ये, अशी एकामागून एक आठ हजार मीटरवरील शिखरे तिला साधली.

सोप्या शिखरांवर लोटणाऱ्या गर्दीची किंमत शिखरालाही मोजावी लागते, हे जाता जाता नमूद करावयास हवे. लडाखमधील ६,१५३ मीटर उंचीचे स्तोक कांगरी ‘सहा हजारांवरील सर्वांत सोपे’ म्हणून प्रसिद्धीस आले. गर्दी इतकी वाढली की खालच्या स्तोक गावाच्या पाण्यावर ताण पडू लागला, आणि २०२० मध्ये ते गिर्यारोहकांसाठी बंद करण्यात आले.

ज्यांना ह्या मार्गाने जावयाचे आहे त्यांनी अर्ज फार आधी करावा. उन्हाळ्याच्या तुकड्या कित्येक महिने अगोदर भरतात. अर्जाबरोबर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. दमा, हृदयविकार किंवा पूर्वी उंचीवर झालेला त्रास असल्यास तो लपवू नये. कॉलेजातील एन. सी. सी. च्या छात्रांना ह्या अभ्यासक्रमांसाठी त्यांच्या तुकडीमार्फत पाठविले जाते व त्यांचा खर्चाचा भार पुष्कळच हलका होतो. त्याची चौकशी वर्षाच्या आरंभीच आपल्या एन. सी. सी. अधिकाऱ्यांकडे करून ठेवावी. फ्रेंडशिपसाठी मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन हंगाम योग्य. पहिल्यात बर्फ अधिक, दुसऱ्यात भेगा उघड्या.