'पिंजरा'तली चंद्रकला आणि 'घात करणारी बाई': वर्गात बोलायचा एक विषय



मुलांमुलींच्या चिठ्ठीचं, मोबाईलवरच्या मेसेजचं प्रकरण शाळेत निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "पोरगा तसा सरळ होता हो, तिनंच नादाला लावलं." पालकसभेत येतं, शिक्षकांच्या खोलीत तर येतंच येतं. हे वाक्य आपण कुठून शिकलो? अकरावी-बारावीच्या मुलांशी यावर बोलायचं असेल, तर आपल्या हाताशी एक चांगलं साधन आहे. सिनेमा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत एका विशिष्ट तऱ्हेचे गुन्हेपट निघाले. अंधारे जिने, पावसाने ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांची चेहऱ्यावर पडलेली सावली. नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने 1946 मध्ये त्यांना 'फिल्म नॉयर', म्हणजे काळा चित्रपट, असं म्हटलं. या चित्रपटांत एक बाई ठरलेली असे. देखणी, हुशार, पुरुषाला गुन्ह्यापर्यंत नेणारी. फ्रेंचमध्ये तिला 'फाम फताल' म्हणतात. आपण 'घात करणारी बाई' म्हणू. ती तेव्हाच का आली, याचं एक कारण सांगितलं जातं ते असं: पुरुष युद्धावर गेले तेव्हा बायका कारखान्यांत उभ्या राहिल्या, पगार मिळवू लागल्या. परत आलेल्या पुरुषांना ही नवी बाई कळेना, आणि थोडी भीतीही वाटली. त्यात तिथल्या सेन्सॉर नियमांनुसार गुन्ह्याला शिक्षा दाखवणं भाग होतं. म्हणून शेवटी ती मरायची तरी किंवा तुरुंगात जायची.

पण मुलांना दाखवण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे. ही कहाणी सांगतं कोण? बिली वाइल्डरच्या 'डबल इन्डेम्निटी'त (1944) विमा एजंट वॉल्टर नेफ रात्री ऑफिसात बसून आपला कबुलीजबाब यंत्रावर बोलत राहतो, आणि फिलिस आपल्याला दिसते ती त्याच्या तोंडून. पैशाचा मोह त्यालाही होता आणि बेत त्यानेही आखला, तरी लक्षात राहते ती तीच. मनाच्या आत शिरणारे जे नॉयर आहेत, त्यांत पुरुष स्वतःच्या इच्छेला घाबरतो आणि त्या भीतीला बाईचा चेहरा देतो.

आता आपल्या मातीतलं बघा. व्ही. शांताराम जन्माने कोल्हापूरचे. त्यांचा 'पिंजरा' (1972) अनंत माने आणि शंकर पाटील यांनी लिहिला, गाणी लिहिली जगदीश खेबुडकरांनी, जे स्वतः शिक्षक होते. या कथेचं मूळ 'द ब्लू एंजल' (1930) या जर्मन चित्रपटात. त्यात विद्यार्थ्यांना धडा शिकवायला नाचगाण्याच्या अड्ड्यावर गेलेला मास्तर तिथल्याच गायिकेच्या पायी विदूषक होतो. आपल्याकडे तो मास्तर 'गुरुजी' झाला आणि गायिका तमाशातली चंद्रकला.

डॉ. श्रीराम लागूंचे गुरुजी गावाचा आदर्श. ते तमाशाचा फड गावातून घालवतात आणि संध्याने रंगवलेली चंद्रकला त्यांना पाझर फोडायचा चंग बांधते. गुरुजी पाघळतात. पुढचं वळण अस्सल नॉयरचं आहे. एका ओळख न पटणाऱ्या प्रेतामुळे गाव समजतं, गुरुजींचाच खून झाला. गाव त्यांना पुजू लागतं. इकडे जिवंत गुरुजी फडात तुणतुणं धरून उभे, आणि शेवटी पकडले जातात ते गुरुजींच्याच खुनाबद्दल! खरं सांगितलं तर जीव वाचेल, पण गावाचा आदर्श मरेल. ते गप्प राहतात आणि फासावर जातात.

फ्रिट्झ लँगच्या 'स्कार्लेट स्ट्रीट'मध्ये (1945) याच्या नेमकं उलट आहे. तिथला साधा कॅशियर स्वतः खून करतो, शिक्षा दुसऱ्याला होते, आणि हा आयुष्यभर कानातले आवाज ऐकत भटकतो. दोन्हीकडे माणूस अडकतो तो स्वतःच्या प्रतिमेत. माझ्या मते 'पिंजरा'तला पिंजरा चंद्रकलेचा नाहीच, तो गावाने गुरुजींभोवती उभारलेल्या मोठेपणाचा आहे. शिक्षकांना हे जरा टोचेल. टोचू दे की.

आणि पहिला वार कोणी केला होता? फड म्हणजे तिचं पोट. ते उचलून गावाबाहेर फेकलं गुरुजींनी, अगदी सद्हेतूने. तिचा राग कशाचा आहे, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.

त्याच शांतारामांनी 33 वर्षं आधी, 1939 मध्ये, 'माणूस' केला होता. त्यातली शांता हुबळीकरांची मैना वेश्यावस्तीतली, तिच्यावर जीव लावणारा गणपत पोलीस. तिथे बाई घात करत नाही. उलट लग्नाला तीच नकार देते, कारण जग आपल्याला सुखाने जगू देणार नाही हे तिला त्याच्या आधी कळतं. दोन्ही चित्रपटांतले निवडक प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, तर एकच दिग्दर्शक 'तसल्या' बाईकडे किती वेगवेगळ्या नजरेने बघू शकतो ते लक्षात येतं. (अख्खा 'पिंजरा' दाखवू नका. तासही पुरत नाही आणि काही भाग वयाला जड आहे. पालकांना आधी कल्पना द्या.)

बाईने स्वतः सांगितलं तर? 'लोकशाहीर रामजोशी'त (1947) गाजलेल्या हंसा वाडकरांनी आपलं आयुष्य 'सांगत्ये ऐका' या नावाने सांगितलं, आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी 'भूमिका' (1977) केला. पडद्यावर पुरुषांना भुलवणारी बाई घरात कमावती म्हणून कशी राबवली गेली, हे त्यात येतं. मोठ्यांनी तरी ते वाचावंच.

वर्गासाठी एक काम. गुरुजी फड उठवायला सांगतात तो प्रसंग चंद्रकलेच्या तोंडून पंधरा ओळींत लिहायला द्या, मुलांना आणि मुलींनाही. मग तोच प्रसंग फडातल्या ढोलकीवाल्याच्या तोंडून. वह्या गोळा केल्यावर गुण देण्याआधी एवढंच मोजा: 'तिनं नादाला लावलं' हे किंवा या अर्थाचं वाक्य किती वह्यांत आलं, आणि कोणाच्या.