दोन कुत्री, दोन दारं

घरात आधीपासून एक कुत्रा आहे आणि पिटबुल आणायचं मनात आहे, तर पिल्लू बघायला जाण्याआधी आपलं घर बघा. दोन कुत्र्यांना कायमचं वेगळं ठेवता येईल अशा दोन जागा आहेत का? पुढची दहा-बारा वर्षं त्यांच्यामधलं दार लावणारं माणूस रोज घरी असणार आहे का? दोन्ही उत्तरं ठाम ‘हो’ नसतील, तर पिटबुल आणू नका. अलिबागजवळच्या थळ गावातल्या आमच्या वाडीत आम्ही याची किंमत मोजली आहे, म्हणून इतकं रोखठोक लिहिते.

काळी आमच्याकडे पहिल्यापासून होती. अस्सल गावठी कुत्री. नारळी-पोफळीच्या वाडीची राखण करणारी, कोळीवाड्यात सुकट वाळत घातली की तिकडे एक फेरी मारून येणारी. माझा धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला. त्याने पिटबुलची मादी आणली, तिचं नाव राणी. पिल्लू दोन महिन्यांच्या पुढचं होतं, त्याच्या लसी वेळेवर झाल्या. राणीला कुणी मारलं नाही, डिवचलं नाही, दिवसभर साखळीला बांधून ठेवलं नाही. सकाळ-संध्याकाळ ती समुद्रावर फिरून यायची. काळीनेही तिला आपलंसं केलं. दोघी ओट्यावर एकमेकींना बिलगून झोपायच्या. आईच्या पायात पायात करणारी राणी बघून शेजारचे म्हणायचे, हिला उगाच बदनाम केलंय.

राणी दोन वर्षांची व्हायला आली, तेव्हा एका शनिवारी ते घडलं. भाऊ मांडव्याला बोटीतून उतरून घरी पोचला. फाटक वाजताच दोघी धावल्या. त्याच वेळी रस्त्यावरची कुत्री भुंकत फाटकाशी आली. राणीने गजांवर झेप घेतली, पण बाहेरची कुत्री तिला गाठता येईनात. ती गर्रकन वळली आणि शेजारी उभ्या असलेल्या काळीची मान तिने धरली. गुरगुरली नाही, दात दाखवले नाहीत. आई ओरडत होती, शेजारच्या दादांनी बादलीभर पाणी ओतलं, तरी पकड ढिली होईना. अखेर भावाने राणीची कंबर दोन्ही पायांत दाबून पट्टा वर ओढून धरला, तेव्हा कुठे तोंड उघडलं. काळीच्या मानेवर वरून बारीक छिद्रंच दिसत होती. अलिबागला पशुवैद्यकांनी केस काढून जखम उघडली, तर आतला स्नायू फाटलेला होता.

काळी वाचली. दोघी आजही आमच्याकडेच आहेत, पण त्या दिवसापासून एकमेकींसमोर आलेल्या नाहीत.

प्रेमाने वाढवलेल्या कुत्रीने असं का करावं, याचं उत्तर या जातीच्या घडणीत आहे. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ चाले. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला आणि शौकीन मंडळी कुत्र्यांच्या झुंजींकडे वळली. बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई यांच्या संकरातून झुंजीचा कुत्रा तयार झाला. अमेरिकेत १८९८ मध्ये युनायटेड केनेल क्लबने अमेरिकन पिटबुल टेरियर या नावाने त्याची नोंद सुरू केली. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती समोरच्या कुत्र्याला धरल्यावर, स्वतः रक्तबंबाळ झाला तरी न सोडणाऱ्याची. झुंज चालू असताना माणसाला त्याला हात लावावा लागे, म्हणून हाताळणाऱ्या माणसाला चावणारा कुत्रा नको असे. घरच्या माणसांच्या मांडीवर लोळणारा पिटबुल दुसऱ्या कुत्र्याशी वेगळा वागतो, त्याचं मूळ इथे आहे.

प्रत्येक पिटबुल असाच निघतो असं मुळीच नाही. दुसऱ्या कुत्र्यासोबत आयुष्यभर सुखाने राहिलेलेही आहेत. पण आपला कोणता निघेल हे पिल्लाकडे बघून कळत नाही. कुत्र्याचा स्वभाव साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान पक्का होतो आणि दुसऱ्या कुत्र्याबद्दलची असहिष्णुता बहुधा याच काळात वर येते. म्हणून लहानपणीच्या मैत्रीवर हवाला ठेवू नका. दोन माद्या किंवा दोन नर एकत्र असतील तर धोका अधिक, त्यातही एकाच घरातल्या दोन माद्यांचं वैर फार चिवट असतं. नसबंदी जरूर करा, त्याने नरांमधली चुरस बरीच कमी होते. मात्र केवळ तेवढ्याने भांडण टळेल असं धरून चालू नका.

भांडणाआधीच्या खुणा बारीक असतात. एकाने दुसऱ्याची वाट अडवून उभं राहणं, अंग ताठ करून एकटक बघणं, दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी ठेवणं, एकाने नजर चुकवून लांबून वळसा घालून जाणं. यातलं काही दिसू लागलं की ‘आपसांत मिटवतील’ म्हणू नका, त्याच दिवसापासून वेगळं ठेवायला लागा.

रोजची व्यवस्था अशी हवी. दोघांचं खाणं बंद दाराआड, वेगवेगळ्या खोल्यांत. हाड, बोंबलाचं डोकं, खेळणं, यातलं काहीही दोघांसमोर टाकायचं नाही. घरात मोठं माणूस नसेल तेव्हा दोघं एकत्र नकोत, आणि मुलांच्या भरवशावर तर कधीच नकोत. पाहुणे येताना, फाटक उघडताना, गणपतीत फटाके वाजताना अंगात जो जोश चढतो तो शेजारच्या कुत्र्यावर निघू शकतो. अशा वेळी पिटबुल आधी आत घ्या, मग फाटक उघडा. आमच्याकडे सकाळी राणी बाहेर असते तेव्हा काळी आत, दुपारनंतर उलट. मध्ये एक दार नाही, दोन आहेत. एक चुकून उघडं राहिलं तरी दुसरं असतं. पिटबुल उड्या मारण्यात आणि चढण्यात पटाईत असतो, तेव्हा कमरेएवढं कुंपण त्याच्यासाठी नसल्यातच जमा. बाहेर नेताना जाळीचं मुसकं घालायची सवय लहानपणापासून लावा. त्यातून त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं.

तरीही झुंज लागलीच, तर हात तोंडाजवळ नेऊ नका आणि दोघांना ओढून वेगळं करू नका. ओढल्याने मांस फाटतं. पिटबुलच्या जबड्याला कुलूप लागतं ही दंतकथा आहे, त्याचा जबडा इतर कुत्र्यांसारखाच असतो. तो सोडत नाही तो जिद्दीमुळे. अशी पकड सोडवायला जाणकार लाकडी पाचर वापरतात. मागून कुत्र्याची कंबर पायांत घट्ट धरायची, एका हाताने पट्टा धरायचा, पाचर तोंडाच्या बाजूने दाढांमागच्या फटीत सारून फिरवायची. हे प्रशिक्षकाकडून आधी शिकून घ्या. इतर जातींचे कुत्रे चावा सोडून पुन्हा घेतात, त्यांच्यावर पाचर चालवायला गेलात तर चावा हाताला बसेल. दुसऱ्या कुत्र्याला धरायला दुसरं माणूस हवंच, नाहीतर सुटताच झुंज पुन्हा जुंपते.

जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. सोडवताना माणसाला दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ दवाखान्यात जा. आपलाच कुत्रा आहे, लस झालेली आहे, म्हणून घरी बसू नका. काय टोचायचं ते डॉक्टर ठरवतील.

कायद्याचंही भान असू द्या. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुलसह २३ जातींवर बंदी घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही. पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये एवढी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आमच्या किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांना एक कळकळीची विनंती. थळ, किहीम, आवास भागात शनिवार-रविवारी येणारे मालक राखणीला म्हणून पिटबुल आणतात आणि राखणदाराच्या हवाली करून सोमवारी मुंबई गाठतात. वाडीत गावठी कुत्री आधीच असतात, राखणदाराची मुलं अंगणात खेळत असतात. ज्याने ही जात कधी सांभाळलेली नाही, त्याच्यावर पगाराच्या नावाखाली हा भार टाकू नका. राखणीला गावठी कुत्रा पुरेसा आहे. इथली हवा, इथली माणसं त्याला ठाऊक असतात.

आणि ज्यांच्या घरात दोघं आधीच आहेत, पण वेगळं ठेवायला जागा नाही, त्यांनी पहिल्या झुंजीची वाट बघू नये. अनुभवी माणसाचं, दुसरं कुत्रं नसलेलं घर शोधा. त्या घराला कुत्र्याचा स्वभाव काही न लपवता सांगा. जड जाईल, पण दोन्ही जिवांसाठी तेच योग्य आहे.