परागीभवन : न दिसणारी सेवा

फार दिवसांनी कोणी भेटले की आपण म्हणतो, ‘काय, उंबराचे फूल झालात!’ उंबराला फुले नसतात असे नाही. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो, त्याच्या पोटात ती शेकड्यांनी दडलेली असतात. तेथे वारा पोहोचत नाही, मधमाशीही नाही. चिलटाएवढ्या एका कीटकाची मादी टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंखच तुटतात. सोबत आणलेले पराग ती आतल्या फुलांना देते, अंडी घालते आणि तेथेच संपते. तिची पुढची पिढी पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडते. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाचा कीटक निराळा. ज्या पिंपळाला आपण श्रद्धेने पाणी घालतो, त्याचे बी या जिवाशिवाय धरत नाही.

ही देवाणघेवाण शेतातही चालते. देशात मोहरीचे सर्वाधिक उत्पादन राजस्थानात होते. थंडीत जयपूरच्या आसपासची शेते पिवळी होतात, तेव्हा मधपाळ आपल्या पेट्या तेथे आणून ठेवतात. मोहरी स्वतःच्या परागानेही फळते, पण मधमाश्या आल्या की शेंगांत दाणे अधिक भरतात. वाणिज्य शाखेत शिकत असल्याने मला येथे वहीखाते आठवते. शेतकऱ्याच्या हिशेबात बियाणे, खत, पाणी, मजुरी सगळे असते, मधमाशीच्या नावाचे खाते मात्र कुठेच नसते. त्यामुळे तिचे नुकसानही कोणाच्या लक्षात येत नाही. ऐन फुलोऱ्यात मोहरीवर मावा पडतो आणि भर दुपारी औषध फवारले जाते, म्हणजे नेमके माश्या फुलांवर असताना. फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी. एवढ्याने पुष्कळ जीव वाचतात.

संयुक्त राष्ट्रांनी 2018 पासून 20 मे हा जागतिक मधमाशी दिवस ठरवला आहे. पण हे काम एकट्या मधमाशीचे नाही. राजस्थानचे राज्यपुष्प रोहिडा. त्याच्या केशरी-पिवळ्या फुलांतला मध प्यायला शिंजीर आणि बुलबुल येतात आणि डोक्याला पराग लावून पुढच्या झाडावर जातात. मोहाची फुले रात्री उमलतात, त्यांच्याकडे वटवाघळे येतात. वटवाघळाला अशुभ मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

जयपूरमध्ये पक्षिसेवेची परंपरा मोठी आहे. अल्बर्ट हॉलसमोर कबुतरांना रोज पोत्यांनी दाणे पडतात. भावना चांगली आहे, पण माझ्या मते ही सेवा एकाच दाराशी साचली आहे. कबुतर परागीभवन करत नाही आणि शिंजीर दाणे खात नाही. त्याला मध देणारी फुले आणि बारीक किडे हवेत. म्हणून दाण्यांच्या खर्चातला थोडा भाग अडुळसा, शेवगा, पांगारा यांची रोपे लावण्यासाठी वळवावा.

उन्हाळ्यात येथे झाडांना पाण्याचे मातीचे ‘परिंडे’ बांधतात. त्यात दोन-चार खडे पाण्याबाहेर डोकावतील असे ठेवावेत, नाहीतर पाणी प्यायला आलेल्या माश्या बुडतात. आणि तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडून टाकतो, त्यातल्या काही राहू द्याव्यात. ऊन चढले की फुलोरी माश्या त्या शोधत गच्चीपर्यंत येतात.