मेंदूचे द्वारपाल आणि आनुवंशिक विकार

बऱ्हाणपुराहून उत्तरेस जाणाऱ्या मार्गावर असीरगड उभा आहे. दक्षिणेची वाट राखणारा हा गड अकबराने इ. स. १६०१ मध्ये हस्तगत केला. मेंदूतील पेशींच्या वेष्टनावरही असेच द्वारपाल असतात. बाहेरचा रासायनिक निरोप ओळखून तो आत पोहोचविणाऱ्या प्रथिनांस ‘ग्राही’ किंवा रिसेप्टर म्हणतात. पाणी व क्षार यांची आवकजावक सांभाळणारी प्रथिने निराळी. ही सर्व प्रथिने कशी घडवावीत, याचा लेख जनुकांत असतो. त्यात चूक झाली की पहारा ढिला पडतो आणि बालकाच्या मेंदूची वाढ बिघडते.

अशा एका विकाराचा आपल्या व्यापारी समाजाशी निकटचा संबंध आहे. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये अग्रवाल कुटुंबांतील अशा बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षातच डोके प्रमाणाबाहेर वाढते. पुढे तोल जातो, चालणे बिघडते, फेफरे येते. मेंदूचा श्वेत भाग पाण्याने फुगलेला असतो. याचे ‘एमएलसी१’ हे जनुक २००१ मध्ये सापडले. अग्रवाल रुग्णांत बहुधा एकच दोष आढळतो. तो एखाद्या प्राचीन समान पूर्वजापासून आला असावा. ‘जीपीआरसी५बी’ या ग्राहीच्या जनुकातील दोषानेही हाच विकार होतो, असे २०२३ मध्ये दिसून आले. तेथे मात्र दोष बालकातच नव्याने उद्भवलेला होता.

‘एमएलसी१’चा हिशेब व्यापाऱ्यास सहज कळेल. प्रत्येक जनुकाच्या दोन वह्या असतात, एक पित्याची व एक मातेची. एका वहीत चूक असली तरी दुसरीवर व्यवहार चालतो; असा मनुष्य निरोगी असतो, परंतु वाहक असतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारांत एक. म्हणजे दोष दोन्हीकडून सारखाच येतो. तरीही अनेक घरांत बोल लागतो तो सुनेलाच! हा उघड अन्याय आहे. गोत्र टाळल्यानेही धोका टळत नाही, कारण हा दोष एका गोत्रापुरता नसून जातीत पसरलेला असू शकतो.

विकार समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप नाही. फेफऱ्यावर औषध व अवयवांना व्यायाम यांनी आधार मिळतो. डोक्यास किरकोळ मार लागूनही प्रकृती एकाएकी ढासळू शकते. म्हणून अशा बालकास पडण्यापासून विशेष जपावे.

ज्या कुळात असे बालक जन्मले असेल, तेथील तरुणतरुणींनी विवाहापूर्वी आनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञाचा सल्ला घेऊन रक्त तपासून घ्यावे. गर्भ राहिल्यावर दोष कळला, तर अहिंसाधर्मी कुटुंबापुढे मोठे धर्मसंकट उभे राहते. आधी कळल्यास ते ओढवत नाही. कुंडली जुळविण्यास आपण दिवसचे दिवस देतो. त्यांतील एक दिवस या तपासणीस द्यावा. वाहक असणे हा कलंक नव्हे. तो लपविण्याने मात्र पुढील पिढीचे ऋण वाढते.